आंत्रपुच्छाचा दाह : एरंडेल नको, शल्यचिकित्सक गाठा

बेंबीभोवतीची कळ काही तासांत पोटाच्या उजव्या खालच्या भागात स्थिरावली, मळमळ व ताप सुरू झाला, की अनेक घरांत एरंडेल पाजले जाते किंवा पोट शेकले जाते. आंत्रपुच्छाचा दाह, म्हणजेच अपेंडिसायटिस असल्यास हे घातक ठरू शकते. रेचकाने सुजलेले आंत्रपुच्छ फुटून पू उदरपोकळीत पसरण्याचा धोका असतो. दुखणे एकाएकी थांबले, तर तीही कधीकधी फुटल्याचीच खूण असते.

आयुर्वेदाचा हवाला देऊन शस्त्रक्रिया टाळणाऱ्यांनी चरकसंहिताच उघडावी. पिकलेल्या गुल्माचा, म्हणजे पोटातील गाठीचा अधिकार चरकाने धान्वंतरीयांकडे, अर्थात शल्यचिकित्सकांकडे सोपविला आहे. गुल्म म्हणजे अपेंडिसायटिसच असे नव्हे. दंडक मात्र स्पष्ट आहे.

काही रुग्णांना रुग्णालयात प्रतिजैविकांनी आराम पडतो. तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात अशा दहांपैकी सुमारे तिघांवर ९० दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागली. काढ्यांना एवढाही आधार नाही.

वैद्यांचे काम त्यानंतरचे. शल्यचिकित्सकाने अनुमती दिल्यावर संसर्जनक्रमाच्या धर्तीवर आधी पेज, मग मुगाचे कढण, नंतर मऊ भात असा आहार वाढविता येतो.