माइकच्या आधीचं गाणं

तालमीत गाणं असं जमून येतं की चौघांच्याही अंगावर काटा उभा राहतो. मग ते घरी रेकॉर्ड करायचं ठरतं. रविवारी दुपारी दार लावून तीन-चार टेक होतात आणि संध्याकाळी हेडफोन कानाला लावल्यावर चेहरे पडतात. ड्रम्स पत्र्याच्या डब्यासारखे, बेस एका सुराला गायब तर दुसऱ्याला भिंत हादरवणारा, आणि गायक जणू न्हाणीघरातून गातोय. आमच्या पहिल्या डेमोचं हेच झालं होतं. आम्ही बहुतेक बँड करतात तेच केलं: नवा प्लगइन आणला, मग महागडा माइक, मग आणखी एक प्लगइन. आवाज होता तसाच राहिला, कारण तो माइकमध्ये शिरण्याआधीच बिघडला होता. खोलीत, अंतरात आणि वाद्यात. सुधारणा तिथूनच सुरू करावी लागते आणि त्यातल्या बऱ्याचशा सुधारणांना पैसे लागत नाहीत.

घरगुती डेमोची सर्वांत गाजलेली गोष्ट 1982 च्या जानेवारीतली आहे. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरातल्या बेडरूममध्ये अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने नव्या गाण्यांचे कच्चे डेमो केले. सामग्री काय, तर टॅस्कॅमचा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणि शुअरचे दोन एसएम57 माइक. बँडला गाणी समजावीत एवढाच हेतू होता. ती कॅसेट कव्हरशिवाय त्याच्या जीन्सच्या खिशात फिरत राहिली. पुढे स्टुडिओत पूर्ण बँडसह तीच गाणी वाजवून पाहिली, पण बेडरूममधला एकाकीपणा तिथे काही केल्या येईना. शेवटी ती कॅसेटच त्या सप्टेंबरमध्ये ‘नेब्रास्का’ नावाने अल्बम म्हणून आली.

‘साधनांना महत्त्व नाही’ हे पटवायला ही गोष्ट सांगितली जाते. तिचा उरलेला भाग सहसा कुणी सांगत नाही. त्या कॅसेटवरून तबकडी कापण्याजोगा मास्टर तयार करताना इंजिनियरांची दमछाक झाली होती. टेपवर आलेला भाव कुणी हिरावून घेऊ शकलं नाही, तसेच टेपवर आलेले दोष पुसणंही सोपं गेलं नाही. शिवाय स्प्रिंगस्टीन त्या खोलीत एकटाच गात-वाजवत होता. चार वाद्यांच्या बँडला त्याहून अधिक जपावं लागतं.

खोलीसुद्धा वाजते

आपल्याकडची खोली बहुधा दहा बाय दहाची. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाच्या लाटा येरझारा घालतात आणि जिची अर्धी लांबी दोन भिंतींतल्या अंतराएवढी असते, ती लाट तिथे ठाण मांडून बसते. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला तर दहा फुटांसाठी त्या लाटेची कंपनसंख्या 56 हर्ट्झच्या आसपास येते. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार 55 हर्ट्झवर वाजते! म्हणजे बेसवाल्याने ‘ए’ छेडला की खोलीही त्याच्यासोबत वाजू लागते. भिंतीपाशी तो सूर फुगतो, खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो. लांबी-रुंदी सारखीच असली तर हा दोष दोन्ही दिशांनी चढतो. वादकाचा हात कितीही सारखा पडला तरी ऐकताना तो अडखळल्यासारखाच वाटतो.

म्हणून घरच्या डेमोत बेस सरळ केबलने इंटरफेसमध्ये घ्यावा, तोही गिटारसाठी दिलेल्या ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटमध्ये. साध्या लाइन इनपुटला जोडला तर पिकअपवर भार येऊन आवाज मिळमिळीत होतो. एवढ्या एका बदलाने अर्धा गोंधळ निवळतो.

भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात श्रम फुकट जातात. 100 हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिला पुठ्ठ्याचा किंवा इंचभर फोमचा अडथळा जाणवतच नाही. पातळ फोम फक्त वरचे, चमकदार स्वर गिळतो आणि खोली कोंदट होते, खालची घरघर मात्र तशीच राहते. खर्च करायचाच असेल तर कापडात शिवलेले चार इंची रॉकवूलचे पॅनेल करून ते कोपऱ्यांत, भिंतीपासून थोडं अंतर सोडून उभे करावेत. तोवर घरातल्या गाद्या, गोधड्या आणि कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पुष्कळ काम करतात. फक्त गोधडी कुठे टांगायची ते नीट समजून घ्यावं. नेहमीचा कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, त्यामुळे गायकाच्या पाठीमागची भिंत त्याच्या थेट नजरेत असते. पहिली गोधडी गायकाच्या पाठीशी हवी. माइकची पाठ सगळ्यात बहिरी असते, ती खिडकीकडे किंवा ड्रम्सकडे करावी. आणि पंखा बंद. घामाघूम होऊन गावं लागेल, पण ती घरघर एकदा मिसळली की सुरांना धक्का न लावता काढणं फार अवघड जातं.

अंतर हाच पहिला मिक्सर

1902 साली ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी कोलकात्यात आला, हॉटेलच्या खोलीत त्याने यंत्रं मांडली आणि गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. ध्वनिमुद्रणात माइक अजून वापरात आला नव्हता. आवाज कर्ण्यात शिरायचा आणि मेणावर कोरला जायचा. कुणाचा आवाज पुढे आणि कुणाचा मागे, हे जो तो कर्ण्यापासून किती लांब यावर ठरायचं. विजेवरचं ध्वनिमुद्रण 1925 मध्ये रुजू लागेपर्यंत समतोलाचा दुसरा मार्गच नव्हता. ती शिस्त आजही तितकीच कामाची आहे.

मोकळ्या जागेत माइकचं अंतर दुप्पट केलं की थेट आवाज 6 डेसिबलने उतरतो. खोलीत मात्र भिंतींवरून येणारा घुमारा होता तेवढाच राहतो. त्यामुळे खोली वाईट असेल तर माइक जवळ हवा. गाण्यासाठी एक वीत अंतर ठीक. त्याहून जवळ गेलं की कार्डिऑइड माइकमध्ये खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात, तेव्हा पॉप फिल्टर लावावा किंवा माइक किंचित तिरका धरावा. गिटारचा अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवावा आणि माइक स्पीकरच्या मध्यापासून जरा बाजूला सरकवावा. मध्यावर आवाज टोचरा येतो, कडेकडे मऊ होत जातो. दोन बोटांच्या सरकण्याने जेवढा फरक पडतो तेवढा इक्वलायझरच्या तासाभराच्या खटपटीनेही पडत नाही. तालमीला कानांना सुखावणारं डिस्टॉर्शनही रेकॉर्डिंगला थोडं कमी करावं, कारण दोन गिटारी एकावर एक चढल्या की नुसता लगदा होतो.

खरी परीक्षा ड्रम्सची. माइक वाढले की फेजचा घोळ वाढतो. आवाजाला 34 सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो. एकच ठोका दोन माइकांपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचला तर काही कंपनं एकमेकांना खोडून काढतात आणि स्नेअर पोकळ वाटतो. इंजिनियर ग्लिन जॉन्स यांची मोजक्या माइकांची पद्धत यासाठी शिकण्यासारखी आहे. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमचे इंजिनियर तेच होते. वरचा आणि बाजूचा असे दोन मुख्य माइक स्नेअरच्या मध्यापासून अगदी समान अंतरावर, आणि जोडीला किक व स्नेअरजवळ एकेक. अंतर मोजायला सुतळी पुरते. त्याआधी ड्रमची कातडी सुरात लावावी, गिटारच्या तारा नव्या चढवाव्यात, दर टेकआधी ट्यूनर पाहावा. बेसूर वाद्य स्वच्छ रेकॉर्ड झालं तर त्याचा बेसूरपणाच स्वच्छ ऐकू येतो.

मीटर आणि कान

रेकॉर्डिंग 24 बिटवर करावं आणि सर्वांत मोठा आवाजही उणे 10 डेसिबलच्या आसपास थांबेल अशी पातळी ठेवावी. जुन्या कॅसेटवर सूं असा फुसफुसाट दाबण्यासाठी पातळी चढवावी लागे. आता ती गरज उरलेली नाही. लाल दिवा लागून फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

मिक्स करताना आधी कापावं, मग वाढवावं. गायन आणि गिटारमधला 80 हर्ट्झच्या खालचा भाग बहुधा निव्वळ गडगडाट असतो, तो काढला की बेस आणि किकला श्वास घ्यायला जागा मिळते. स्पीकर ऐकताना खोलीच्या मधोमध बसू नये, तिथे काही खर्ज सूर ऐकूच येत नाहीत. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण 38 टक्क्यांवर बसून सुरुवात करावी. आवडत्या बँडचं गाणं सारख्याच पातळीवर शेजारी ठेवून तुलना करावी. जास्त मोठं वाजणारं गाणं कानाला नेहमीच चांगलं वाटतं, म्हणून पातळी सारखी करणं आवश्यक. हळू आवाजात ऐकावं, मोनोमध्ये ऐकावं, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावं. शेवटी सगळं दाबून-चेपून मोठं करण्याचा मोह टाळावा. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाच्या) पातळीवर आणतात, त्यामुळे चेपलेलं गाणं तिथे मोठं न वाजता फक्त थकलेलं वाजतं.

येत्या रविवारी एकच प्रयोग करा. गाण्याची एक ओळ खोलीच्या मध्यभागी, कोपऱ्यात, उघड्या कपाटासमोर आणि गोधडीकडे पाठ करून, अशी चार ठिकाणी रेकॉर्ड करा. माइक तोच, गायक तोच, पातळी तीच. चारही टेक लागोपाठ ऐका. त्यातला एक टेक असा असेल की तो ऐकताना खोली विसरायला होईल आणि फक्त गाणं उरेल. त्या जागेवर चिकटपट्टीने खूण करा. तुमच्या बँडचा स्टुडिओ तिथे आहे.