फरसबंदी, निवासी आवारातील

घराभोवतीच्या मोकळ्या जागेत दगड, वीट, काँक्रीट इ. कठीण पदार्थांनी केलेले पक्के काम. फरसबंद अंगण, पायवाट, वाहन उभे करण्याची जागा, पायऱ्या, कुंपणभिंत, उतारावरील माती धरून ठेवणारी धारक भिंत व पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे यांचा समावेश या कामात होतो. त्याचे आयुष्य वरच्या फरशीपेक्षा तिच्याखालील जमीन व पाण्याचा निचरा यांवर अधिक अवलंबून असते. परभणी जिल्ह्यातील काळ्या मातीच्या प्रदेशात ही गोष्ट विशेष प्रकर्षाने दिसून येते.

भूमी : गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा जिल्हा बव्हंशी सपाट असून उत्तरेकडील जिंतूर तालुक्याचा भाग डोंगराळ आहे. खाली काळा पाषाण (बेसाल्ट), त्यावर मुरूम व सर्वांत वर काळी माती अशी रचना सामान्यतः आढळते. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट या मृद् खनिजामुळे ती पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला रुंद, खोल भेगा पडतात. फरसबंदीच्या मध्यभागाखालील ओल बरीचशी टिकून राहते. कडेची माती मात्र दर वर्षी भिजते व सुकते. त्यामुळे कडा वर उचलल्या जातात किंवा खचतात आणि फरशी तडकते.

जुन्या ग्रामरचनेत वस्तीच्या जमिनीस ‘पांढरी’ व शेतीच्या जमिनीस ‘काळी’ म्हणत. वस्तीसाठी सामान्यतः उंचवट्याची, पाणी न साचणारी जागा निवडली जाई. शहरांच्या वाढीबरोबर शेतजमिनीचे निवासी भूखंड होऊ लागले आणि घरे पांढरी सोडून काळीत आली. अशा भूखंडावर केवळ वाळू पसरून फरशी बसविणे पुरेसे होत नाही.

पाया : कामापूर्वी खड्डा खणून काळ्या मातीची जाडी पाहतात. थर पातळ असल्यास तो मुरुमापर्यंत काढून टाकणे उत्तम. तो खोल असल्यास वरचा काही भाग काढून तेथे न फुगणारा, चिकटपणा असलेला मुरूम भरतात. भराव सु. १५ सेंमी.च्या थरांनी घालून प्रत्येक थरावर बेताचे पाणी मारून धुम्मस करतात. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा थर दिल्यास तिची हालचाल आटोक्यात राहते, हे तत्त्व मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील आर्. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आले व कालव्यांच्या बांधकामात त्याचा उपयोग झाला. कुंपणभिंतीचा पाया उथळ ठेवल्यास ती कलते. म्हणून तो शक्यतो मुरुमापर्यंत नेतात. जिंतूरकडील उताराच्या जागी धारक भिंतीमागे दगडगोट्यांचा थर व भिंतीत पाणी निघण्याची छिद्रे ठेवणे आवश्यक असते. अन्यथा साचलेल्या पाण्याच्या दाबाने भिंत ढासळते.

पाण्याचा निचरा : जिल्ह्यात वर्षाकाठी सु. ९०० मिमी. पाऊस पडतो व त्यापैकी बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात येतो. या हिशेबाने १०० चौ. मी. जागेवर वर्षात सु. ९०,००० लि. पाणी पडते, एका जोरदार सरीत २५ मिमी. पाऊस झाला, तरी २,५०० लि. होते. सलग काँक्रीट केल्यास यातील बहुतेक पाणी रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या आवारात जाते. मराठवाड्यात टंचाई व अतिवृष्टी या दोहोंचा अनुभव येतो : एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तर सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने व गोदावरीच्या पुराने या विभागात मोठी हानी झाली.

म्हणून फरसबंदी गरजेपुरतीच करावी व तिला घरापासून दूर, सु. ६० स एक असा उतार द्यावा. काळ्या मातीत पाणी अतिशय सावकाश मुरते. त्यामुळे शोषखड्डा मुरुमाच्या किंवा भेगाळ खडकाच्या थरापर्यंत न्यावा लागतो व तो घराच्या पायापासून दूर ठेवावा लागतो. विहिरीत किंवा विंधन विहिरीत पाणी सोडताना ते आधी वाळू व खडी यांतून गाळून घेतात.

साहित्य व हवामान : मराठवाड्यात शहाबादी फरशी फार वापरली जाते. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादवरून हे नाव पडले. हा चुनखडक असल्याने अम्लाने धुतल्यास त्याचा पृष्ठभाग खराब होतो. सुटे काँक्रीट ठोकळे (पेव्हर ब्लॉक) वाळूच्या थरावर बसवितात. जमीन हलल्यास ते काढून पुन्हा बसविता येतात, हा त्यांचा मोठा गुण होय. मे महिन्यात येथील तापमान ४०° से.च्या वर जात असल्याने गडद व सलग पृष्ठभाग अतिशय तापतात. फिकट रंगाची फरशी व झाडाची सावली उपयुक्त ठरते. झाडाच्या बुंध्यालगत फरसबंदी करू नये. उन्हाळ्यात ओतलेले काँक्रीट गोणपाटाखाली किमान दहा दिवस ओले ठेवतात.

नियम : परभणी महानगरपालिका (स्थापना २०११) व इतर नागरी क्षेत्रांस राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (२०२०) लागू आहे. तीनुसार समोरील कुंपणभिंतीची उंची रस्त्याच्या मध्यरेषेपासून सामान्यतः १·५ मी.पर्यंत असते, वरचा ०·९ मी. भाग जाळीदार असल्यास ती २·४ मी.पर्यंत नेता येते. कोपऱ्यावरील भूखंडात वाहनचालकांस रस्ता दिसावा म्हणून ही मर्यादा आणखी कमी होते. ५०० चौ. मी. व त्यांहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजल संधारण आवश्यक आहे. नदीकाठी निळी पूररेषा व लाल पूररेषा यांचे निर्बंध असतात. नागरी क्षेत्रातील झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाखाली परवानगी लागते. वाहनासाठी केलेला उतार किंवा पायरी आवाराबाहेर रस्त्यावर आणता येत नाही. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होत असल्याने काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक नगररचना कार्यालयातून मंजूर नकाशा व भूखंडाची हद्द पडताळून घेतात. त्यानंतरच उतार, गटार, पाया व शेवटी फरशी या क्रमाने आखणी केली जाते.