एकेक अक्षर वाचताना

मुळाक्षरे गिरवणारे मूल एकेक अक्षर ओळखत शब्दापर्यंत पोहोचते. संगणकही क्रमानेच वाचतो. मात्र त्याच्या लेखी ‘अक्षर’ म्हणजे काय, हे जाणल्यावाचून आपली भाषा त्याच्या हाती सुरक्षित राहत नाही. संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्समध्ये घडवलेली ‘सी’ भाषा आजही अनेक महाविद्यालयांत शिकवली जाते. कळफलकावरील मजकूर वाचण्यासाठी तिच्यात ‘गेटचार’ ही आज्ञा आहे. ती प्रत्येक वेळी एकच चिन्ह उचलते. परंतु कळ दाबताच ते चिन्ह तिच्यापर्यंत जात नाही. सामान्यतः एन्टर दाबेपर्यंत सारी ओळ ‘बफर’ या तात्पुरत्या जागेत थांबते. म्हणूनच तोवर चूक खोडता येते. एन्टरचेही स्वतंत्र चिन्ह असते, त्याचा क्रमांक १०. ते न वाचता मागे राहिले, तर पुढच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तेच उचलले जाते. नवशिके येथे हमखास गोंधळतात.

मराठीची अडचण याहून खोल आहे. गेटचार वस्तुतः अक्षर नव्हे, एक बाइट वाचते. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘प्रज्ञा’ हे नाव घ्या. डोळ्यांना अक्षरे दोन. संगणकाला मात्र प, हलन्त, र, ज, हलन्त, ञ, काना अशी ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट. नावासाठी २० बाइटांचीच जागा ठेवली, तर काना तुटतो आणि ‘प्रज्ञ’ एवढेच वाचता येते. हेच नाव रोमन लिपीत सहज मावते.

उपाय अवघड नाही. ओळ संपेपर्यंत सर्व बाइट वाचावेत व जागा ऐसपैस ठेवावी. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट नेहमी २२४ असतो, पुढचे दोन १२८ ते १९१ यांमधले. त्यावरून चिन्हाची सीमा ओळखता येते. पायथन ३ ही भाषा बाइटांऐवजी चिन्हे मोजते, तरी ‘प्रज्ञा’ची लांबी ७च सांगते. जोडाक्षर अखंड राखण्याची काळजी लिहिणाऱ्यानेच घ्यावयाची असते.

दाखला असो वा शिष्यवृत्तीचा अर्ज, नाव अर्धवट उमटले की विद्यार्थ्याला आपली ओळख पुन्हा सिद्ध करावी लागते. म्हणून आमचे पाल्यांना सांगणे एवढेच : स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची पहिली परीक्षा आपल्याच नावाने, देवनागरीत घ्यावी.