जुना वाडा पाडण्याआधी हिशेब करा
पाहुण्यांसाठी निवास-न्याहारी : एक जोडधंदा



आपल्या तेल्हारा भागात जुने वाडे अजून उभे आहेत. सागाचे खांब, दीड-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, पुढे ढेलज, मधे चौक, वर धाबे. आज यातल्या कित्येक वाड्यांना कुलूप आहे. कुठे एका कोपऱ्यात म्हातारी माणसे राहतात आणि बाकीच्या खोल्यांत कुटार, खताची पोती आणि मोडकी तिफण पडून असते. मग एक दिवस जुन्या लाकडाचा व्यापारी येतो, खांब मोजतो आणि एकरकमी भाव सांगतो. घरची तरणी पोरं म्हणतात, "इकून टाका न बाबा. ह्या पडक्या घरात कोन राह्यते?"

तर मंडळी, राहणारी माणसे आहेत आणि ती पैसे देऊन राहतात. ती का येतात, त्यांच्यासाठी काय करावे लागते, आणि हा धंदा कोणी करावा व कोणी करू नये, ते या पत्रकात समजावून घेऊ.

निवास-न्याहारी म्हणजे काय?

घरमालक आपल्याच घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्याला रात्रीपुरत्या भाड्याने देतो आणि सकाळची न्याहारी घरचीच देतो. यालाच निवास-न्याहारी म्हणतात. हे हॉटेल नव्हे. हॉटेलात मालक दिसत नाही. इथे मालकाने त्याच घरात राहायला हवे, ही या योजनेची मुख्य अट आहे. केंद्र सरकारच्या योजनेत अशा घराला १ ते ६ खोल्या देता येतात. म्हणजे ही योजना लहान माणसासाठीच आहे.

विलायतेत शेतकऱ्यांच्या बायका फार पूर्वीपासून आपल्या जुन्या दगडी घरांत पाहुणे ठेवत आल्या आहेत. आपल्याकडे कोकणात मालवण-तारकर्लीच्या बाजूला कित्येक घरांनी हा जोडधंदा धरला. पणजीच्या फोंताईन्यास मोहल्ल्यातली पोर्तुगीज काळची घरे आता पाहुण्यांना उतरायला मिळतात. राजस्थानात नीमराणा येथे पंधराव्या शतकातला किल्ला पडीक झाला होता. तो दुरुस्त करून १९९१ साली पाहुण्यांसाठी उघडला. तो कारभार मोठ्या भांडवलाचा, आपल्याला तो जमणारा नाही. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पाहुणा तिथे नव्या फरशीसाठी जात नाही, जुन्या भिंतीसाठी जातो. आपण जी वस्तू मोडीत काढायला निघालो आहोत, तीच तो पाहायला येतो.

आपल्या भागात कोण येईल?

पहिले गिऱ्हाईक शेगावच्या वाटेवरचे. श्री गजानन महाराजांच्या दर्शनाला वर्षभर लोक येतात. संस्थानाचे भक्तनिवास मोठे आहेत आणि बहुतेक भाविक तिथेच उतरतील. पण दर्शन झाल्यावर मुलाबाळांना एक दिवस खेडे दाखवावे असे म्हणणारी शहरातली कुटुंबेही त्यांत असतात.

दुसरे गिऱ्हाईक सातपुड्याचे. अकोटच्या उत्तरेला नरनाळा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ साली बांधला. त्याच्यावरचे कोरीव काम पाहून जाणकारही थक्क होतात. पायथ्याला शहानूर, पलीकडे मेळघाटचे जंगल. मेळघाटात सेमाडोह, कोलकास येथे वनखात्याची राहण्याची सोय आहे, पण गर्दीच्या दिवसांत तिथे जागा मिळणे कठीण. आपल्याच तालुक्यात वारी भैरवगड आणि वान नदीवरचे हनुमान सागर धरण आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे आपली शेती. संत्रा, केळी, पानमळा तर आहेच. पण पानपिंपरीचा मळा किती जणांनी पाहिला असेल? हे औषधी पीक अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात घेतात. वेल कसा चढवतात, शेंगा कशा वाळवतात, हे दाखवायला तुम्हाला दमडी खर्च नाही. थंडीत हुरडा आहे. ही सगळी तुमची रोजची कामे. पाहुण्याला ती नवलाची वाटतात.

वाडा थंड का असतो?

वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. सिमेंटच्या स्लॅबखाली रात्री अकरा वाजताही अंग भाजते, वाड्याच्या माजघरात मात्र दुपारी झोप लागते. याचे कारण सरळ आहे. मातीची जाड भिंत ऊन हळूहळू पिते. दुपारची झळ भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, तोवर बाहेर हवा गार झालेली असते आणि चौकातून ती आत येते. पातळ स्लॅब मात्र लवकर तापतो.

धाब्याचेही असेच. आपल्या पूर्वजांनी धाब्यावर खारी माती टाकली. ही माती खारपाण पट्ट्यातली. तिच्यात सोडियमचा अंश जास्त असतो. पाऊस पडला की तिचे बारीक कण सुटे होतात, फुगतात आणि मातीतली छिद्रे बुजवतात. त्यामुळे पाणी खाली झिरपत नाही. शेतात हाच गुण आपला वैरी आहे, कारण पाणी साचून पिकाच्या मुळ्या गुदमरतात. छपरावर तोच गुण मित्र होतो. आजोबांना सोडियम माहीत नव्हते, पण माती ओळखता येत होती.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी?

१. आधी धाबे. रोहिणी निघण्यापूर्वी धाब्यावरचे गवत मुळासकट काढा. दरवर्षी नुसती नवी माती टाकत गेले की थरावर थर चढतो, वजन वाढते आणि पाट्या वाकतात. म्हणून जुना सुटा थर खरवडून मगच नवा द्या. पाणी जाण्याचा उतार आणि पन्हाळी मोकळी ठेवा.

२. मग भिंती. मातीच्या भिंतीला सिमेंटचे प्लास्टर करू नका. सिमेंट ओल कोंडून धरते, आतली माती भुसभुशीत होते आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडा सुटतो. माती-शेण-कुटाराचा गिलावा किंवा चुना वापरा. भिंतीतून ओल बाहेर निघाली पाहिजे.

३. लाकूड. वाळवी ओलीच्या मागे येते. खांबाच्या बुडाशी माती किंवा शेणखताचा ढीग लागू देऊ नका. बूड दगडी तळखड्यावर कोरडे राहिले तर साग पिढ्यान् पिढ्या टिकतो. लाकूड साफ करून जवसाचे तेल पुसा. गाडीचे जळके ऑईल लावू नका. त्याचा वास महिनोन् महिने जात नाही.

४. वीज. जुन्या वाड्यातली आग बहुधा जुन्या वायरीतून लागते. मीटरपासून नवी वायर टाका, गळती झाली की आपोआप बंद होणारे बटण बसवा. परवानाधारक वायरमनकडूनच हे काम करून घ्या.

५. संडास आणि न्हाणी. पाहुणा जमिनीवर गादी टाकून झोपेल, भाकर-ठेचा खाईल, पण संडास स्वच्छ नसेल तर तो परत येणार नाही. पैसा कमी असेल तर रंग मागे ठेवा आणि हे आधी करा.

६. पाणी. खारपाण पट्ट्यातल्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी बाहेरच्या माणसाला बाधते. प्यायला नळयोजनेचे गोडे पाणी, उकळून किंवा शुद्ध करून द्या.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फवारणीची औषधे, रिकामे डबे आणि पंप ज्या घरात पाहुणा झोपतो त्या घरात ठेवू नका. शेतावर कुलूपबंद पेटीत ठेवा. वेचलेला कापूसही त्या बाजूला साठवू नका. पाहुण्याच्या एका विडीने वर्षाचे पीक आणि वाडा दोन्ही जातील.

न्याहारी काय द्यावी?

शहरातल्यासारखे ब्रेड-ऑम्लेट करायला जाऊ नका. तो ते घरी रोज खातो. उकडपेंडी, धपाटे, ज्वारीच्या कण्या, कळण्याची भाकर आणि ठेचा, वर ताक, असे घरात होते तेच द्या. तिखट मात्र आधी विचारून. वऱ्हाडी ठेच्याने पुण्या-मुंबईचा पाहुणा रडकुंडीला येतो.

पण ही न्याहारी कोण करणार? हे काम घरच्या बाईवर पडते. तिला आधीच निंदण, वेचणी, गुरे, स्वयंपाक आहे. तिला विचारल्याशिवाय हा धंदा सुरू करू नका. आणि ती तयार असेल तर न्याहारीचे पैसे तिच्या खात्यात जमा होऊ द्या. जिथे बाईच्या हाती हिशेब असतो तिथे चादर स्वच्छ असते, हे लक्षात घ्या.

कागदपत्रे

जुन्या वाड्याची खरी अडचण लाकडापेक्षा भाऊबंदांची असते. नमुना ८ किंवा मिळकत पत्रिकेवर चार-पाच नावे असतात, एक भाऊ अकोल्याला, एक पुण्याला. सर्वांची लेखी संमती घ्या आणि मिळकतीतला वाटाही आधीच ठरवा. धंदा चालू लागल्यावर भांडण निघण्यापेक्षा ते बरे.

नंतर पर्यटन संचालनालयाच्या अमरावती कार्यालयात निवास-न्याहारीच्या नोंदणीची चौकशी करा. शेतातच सोय करायची असेल तर राज्य शासनाने २०२० साली मंजूर केलेले कृषी पर्यटन धोरण आहे. त्याची माहितीही पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयातच मिळेल. जेवणखाण देणाऱ्याने अन्न सुरक्षेची नोंदणी करावी. प्रत्येक पाहुण्याचे नाव वहीत लिहून ओळखपत्र पाहावे. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे कळवावी लागते. त्याची रीत पोलीस ठाण्यात आधीच विचारून ठेवा.

आता हिशेब

खालचे आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमचे तुम्ही मांडा.

समजा दोन खोल्या तयार केल्या. पहिल्या वर्षी दोन्ही मिळून ६० रात्री भरल्या. एका खोलीचे रात्रीचे १,००० रुपये धरले तर ६०,००० झाले. त्यातून न्याहारी, धुणे, वीज, साफसफाईची मजुरी आणि किरकोळ दुरुस्ती यांचा निम्मा खर्च धरा. हाती ३०,००० राहिले. दुरुस्तीला दोन लाख लागले असतील तर ते फिटायला सहा-सात वर्षे जातील.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो : यासाठी कर्ज काढू नका. सोयाबीन-कपाशीचे कर्ज डोक्यावर असताना तर मुळीच नाही. वाडा राहण्यासाठी जेवढा दुरुस्त करावाच लागणार आहे तेवढाच करा, आणि एका खोलीपासून सुरुवात करा. ज्यांच्या वाड्याच्या भिंतीला आरपार भेग आहे किंवा तुळई खचली आहे, त्यांनी जाणत्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कोणालाही आत झोपवू नये, पाहुण्यालाही आणि घरच्यालाही.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडा. व्यापारी लाकडाचे पैसे एकदाच देईल. त्या पैशांत नवे घर उभे राहणार नाही, वरचा खर्च तुमच्याच खिशातून जाईल. आणि जे उभे राहील ते उन्हाळ्यात तापेल, त्याला कूलर लागेल, कूलरला वीज आणि पाणी लागेल. हे सगळे कागदावर लिहा, मग व्यापाऱ्याला उत्तर द्या. हिशेब करूनही वाडा पाडावा असेच निघाले तर खुशाल पाडा. पण हिशेब न करता पाडू नका, कारण तसा वाडा आज कोणाला बांधता येणार नाही.

यंदा एवढे करा

उन्हाळ्यात धाबे आणि पन्हाळी नीट करा. पावसाळ्यात कोणती खोली गळते, कुठे ओल येते, ते रोज पाहून लिहून ठेवा. जी खोली कोरडी राहिली ती तुमची पहिली पाहुण्याची खोली. दिवाळीत पुण्या-मुंबईचे आपलेच नातेवाईक येतील. त्यांना तिथे दोन रात्री झोपवा आणि काय अडले ते मोकळेपणी विचारा. शक्य झाले तर घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला कोकणात अशा एखाद्या घरी दोन दिवस पाहुणा म्हणून राहायला पाठवा. पाहुणा होऊन पाहिल्याशिवाय यजमानाला आपले दोष दिसत नाहीत.

एवढे झाल्यावर नोंदणीच्या मागे लागा. वाडा इतकी वर्षे थांबला आहे, एक पावसाळा आणखी थांबेल. मात्र धाब्यावरची माती थांबणार नाही. ते काम रोहिणीच्या आत उरका.