तंत्रिका-उद्दीपक रोपण : मल्टिपल स्क्लेरोसिसवरील उपयोग

तंत्रिका (मज्जातंतू), मेरुरज्जू किंवा मेंदूचा विशिष्ट भाग यांना शरीरात बसविलेल्या उपकरणाद्वारे सौम्य विद्युत् स्पंद देण्याची उपचारपद्धती. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात प्रतिरक्षा यंत्रणा मेंदू, मेरुरज्जू व दृक् तंत्रिका यांमधील तंतूंवरील मायलिन या वसायुक्त आवरणाचा नाश करते. परिणामी आवेगांचे वहन मंदावते वा खंडित होते आणि अशक्तता, स्नायूंचा ताठरपणा, कंप, दृष्टिदोष, मूत्राशयावरील ताबा जाणे इ. लक्षणे उद्भवतात. फ्रेंच वैद्य झां मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

रोपणात विद्युत् अग्रे इष्ट तंत्रिकेलगत बसवून ती त्वचेखालील स्पंदजनकास जोडतात. तीव्र वेदनेवर मेरुरज्जूचे असे उद्दीपन अमेरिकन शल्यचिकित्सक नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्ये प्रथम केले. १९७३ मध्ये कुक व वाइनस्टाइन यांनी त्यामुळे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या हालचाली सुधारल्याचे नमूद केले. परंतु पुढे हा लाभ सर्व रुग्णांत आढळला नाही. मूत्राशयाच्या तक्रारींसाठी त्रिक तंत्रिकांचे आणि तीव्र कंपासाठी थॅलॅमसचे उद्दीपन निवडक रुग्णांत करतात. या उपायांनी लक्षणे कमी होतात. मायलिनचा नाश थांबत नाही.

मूळ विकारावर परिणाम घडविण्याची आशा प्राणेशा तंत्रिकेच्या उद्दीपनामुळे निर्माण झाली. अपस्मारावरील या रोपणास अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. केव्हिन ट्रेसी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले की, या तंत्रिकेच्या उद्दीपनाने ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (टीएनएफ) या शोथकारक प्रथिनाची निर्मिती घटते. याच तत्त्वावरील रोपणास संधिवाताभ संधिशोथासाठी अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

तथापि हे यश मल्टिपल स्क्लेरोसिसला जसेच्या तसे लागू करता येत नाही. टीएनएफला निष्प्रभ करणारी औषधे संधिशोथात गुणकारी ठरली. मात्र लेनरसेप्ट या अशाच औषधाने मल्टिपल स्क्लेरोसिसचे झटके वाढल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. म्हणून या रोपणाची उपयुक्तता व सुरक्षितता या विकाराच्या रुग्णांवरील स्वतंत्र, नियंत्रित चाचण्यांनीच ठरवावी लागते. शिवाय शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा धोका असतो, प्राणेशा तंत्रिकेच्या उद्दीपनाने आवाज घोगरा होऊ शकतो व काही उपकरणांमुळे या रुग्णांना वारंवार लागणाऱ्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनावर (एमआरआय तपासणीवर) मर्यादा येतात. त्यामुळे रोग आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांची जागा रोपणे घेत नाहीत.

पहा : तंत्रिका तंत्र, मेरुरज्जू.