गर्भाशयमुखाचा कर्करोग : लेखांक ४
त्रास नसतानाची तपासणी

मागच्या आठवड्यात आपण एचपीव्ही या विषाणूची ओळख करून घेतली. त्याची वर्षानुवर्षं टिकून राहिलेली बाधा हे या कर्करोगाचं मूळ, एवढं शिकलेल्या मुलींना आता बऱ्यापैकी ठाऊक असतं. तरी तपासणीला जाणाऱ्या विरळाच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम १.९ टक्के जणींनी ही तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. पदवीधर स्त्रिया तर देशात याहून कितीतरी जास्त आहेत. म्हणजे सगळा दोष अज्ञानावर ढकलता येत नाही.

ही तपासणी जीव वाचवते, याचा भक्कम पुरावा जगाला मिळाला तो तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमधून. १९९९ साली तिथे मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचे गावांनुसार चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पेशी तपासणारी पॅप स्मिअर, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची नुसत्या डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी पाहिलं, तर एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे होते, आणि तेही एकदाच केलेल्या चाचणीने. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे गंभीर आक्षेप आले, ते यायलाच हवे होते. पण या स्त्रियांचं, त्यातल्या शाळेची पायरीही न चढलेल्या कितीतरी जणींचं, जगावर ऋण आहे.

मग शहरातली, नोकरी करणारी मुलगी कुठे अडते? ‘मला काहीच होत नाही’ इथे. पण ही तपासणी काहीच होत नसतानाच करायची असते. बाधा झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा १५-२० वर्षं जातात. त्या काळात पेशींमधले बदल सापडले, तर छोट्या उपचाराने ते काढून टाकता येतात. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, घाण वासाचा स्राव ही लक्षणं दिसली तर वय न पाहता लगेच डॉक्टर गाठायचा. पण त्यांची वाट पाहत बसलं, तर हातातली ती वर्षं निघून गेलेली असू शकतात.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. विषाणू शरीरसंबंधांतून पसरतो, त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ शब्द ऐकला की घरात संशय शिरतो. खरं तर संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना ही बाधा कधी ना कधी होते आणि बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप जाते. ती कधी लागली, कुणाकडून लागली, हे चाचणी सांगत नाही. त्या अहवालावरून कुणाच्याही चारित्र्याचा निवाडा करणं हा त्या बाईवर धडधडीत अन्याय आहे.

आणि दवाखान्यात आईदेखत विचारला जाणारा प्रश्न, ‘लग्न झालंय का?’ डॉक्टरांना हवी असते शरीरसंबंधांची माहिती, आणि ती एकांतात, सरळ शब्दांत विचारायला हवी. आईसमोर मुलगी खरं सांगेल कशी?

तिशीच्या आत एचपीव्ही चाचणी सरसकट केली जात नाही, कारण आपोआप जाणाऱ्या बाधाच त्यात जास्त सापडतात. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण स्त्रियांना ३०व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी ही चाचणी सुचवते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना २५पासून, कमी अंतराने. विशीतल्या मुलीने आधी लसीचं विचारावं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ९ ते २६ वयासाठी आहे. संबंध येण्याआधी घेतली तर ती सर्वाधिक उपयोगी. आधीची बाधा ती बरी करत नाही, म्हणून लस घेतलेल्यांनाही पुढे तपासणी आहेच.

तपासणीला काही मिनिटं लागतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, भूल लागत नाही. एचपीव्ही चाचणीसाठी तर योनीतला नमुना स्वतःच्या हाताने घेता येतो. ही सोय आपल्याकडच्या दवाखान्यांनी मनावर घेऊन वाढवायला हवी. टेबलावर चढण्याचा संकोचच त्यात उरत नाही.

पुढच्या आठवड्यात : अहवाल पॉझिटिव्ह आल्यावर होणारी कॉल्पोस्कोपी, आणि गर्भाशय न काढता होणारे उपचार.