भिंत कोणती, यंत्र कोणते

कॉर्डलेस ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर अशी तयार पेटी आता हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळते. ही जोडी अमेरिकेत घरोघरी दिसते आणि तिथे ती योग्यही आहे, कारण तिथल्या बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी असतो. उभ्या लाकडी पट्ट्यांवर जिप्समचे बोर्ड बसवले की भिंत तयार होते. अशा घरात ड्रिलने लाकडाला भोक पाडायचे आणि ड्रायव्हरने लांब स्क्रू आवळायचा, एवढ्यावर बहुतेक कामे उरकतात. आपले घर विटांचे, काँक्रीटचे, नाहीतर जांभ्याचे. पडद्याचा रॉड असो, गिझर असो की देव्हारा, आधी भिंतीला भोक, मग त्यात गिट्टी आणि शेवटी स्क्रू. स्क्रू पिळणे हे आपल्याकडचे सोपे काम. अवघड काम भोकाचे. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्याकडच्या सामान्य कुटुंबाने ही जोडी जशीच्या तशी उचलू नये. तिच्यातले दुसरे यंत्र आपल्या भिंतीसाठी बनलेलेच नाही.

गोंधळाचे मूळ ‘इम्पॅक्ट’ या शब्दात आहे. इम्पॅक्ट म्हणजे ठोका, आणि ठोका मारणारे यंत्र भिंत फोडणारच, असे कुणालाही वाटेल. पण ठोका कोणत्या दिशेने बसतो यावर सगळे अवलंबून असते. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेला एक हातोडा असतो. स्क्रू अडला की तो मिनिटाला तीन हजारांच्या आसपास ठोके देतो, पण फिरण्याच्या दिशेने, म्हणजे पान्ह्याच्या दांड्याला बाजूने हातोडी मारावी तसे. त्याने स्क्रू पिळला जातो. पुढे, भिंतीच्या दिशेने काहीच ढकलले जात नाही. इम्पॅक्ट ड्रिलची रचना वेगळी. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि बिट पुढेमागे थरथरते. ठोके खूप, पण प्रत्येक ठोका हलका, आणि मागून हाताने जोर लावावाच लागतो. तिसरे यंत्र रोटरी हॅमर. त्यात दट्ट्या हवा दाबतो आणि त्या दाबलेल्या हवेने बिटवर भारी ठोका बसतो. ठोके तुलनेने कमी, पण दमदार. माणसाने यंत्र फक्त धरून ठेवायचे. त्याची बिटही वेगळी, खाचा असलेल्या एसडीएस दांड्याची. बॉशच्या यंत्रांवरची अक्षरे हा फरक सांगतात: जीएसआर म्हणजे साधे ड्रिल-ड्रायव्हर, जीएसबी म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल, जीडीआर म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि जीबीएच म्हणजे रोटरी हॅमर. दुकानात नावापेक्षा ही अक्षरे वाचलेली बरी.

आता भिंत. भाजक्या विटेची, वर प्लास्टर असलेली भिंत कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रिलला जमते. सहा-आठ मिलिमीटरचे भोक ते सहज पाडते. जांभा तसा मऊ, तिथेही अडचण येत नाही. उलट भोक फार मोठे होऊ नये ही काळजी घ्यावी लागते. नव्या इमारतींतल्या हलक्या, पांढऱ्या एएसी ब्लॉकच्या भिंतींना तर ठोक्याची गरजच नसते. ठोका बंद ठेवून नुसते फिरवले तरी बिट आत जाते. ठोका चालू ठेवला तर भोक ढिले होते आणि गिट्टी बाहेर येते. या भिंतींसाठी वेगळ्या, लांब गिट्ट्या मिळतात आणि गिझरसारख्या जड वस्तूला त्याच वापराव्यात. खरी परीक्षा काँक्रीटची. मुंबई-पुण्यातल्या अनेक उंच इमारतींत आता ॲल्युमिनियमच्या साच्यांत सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओतल्या जातात. जुन्या विटांच्या घरालाही यातून सुटका नाही. खिडकीवर काँक्रीटची लिंटेल असते आणि पडद्याचा रॉड नेमका तिथेच लागतो. बाकीच्या भिंतीत भराभर चालणारे ड्रिल खिडकीच्या वर आले की सेंटिमीटरभर जाऊन घरघरत राहते, बिटचे टोक तापते, आणि लोक म्हणतात यंत्र वाईट निघाले. यंत्र वाईट नसते. त्या जागेचे काम रोटरी हॅमरचे असते. (बिट अचानक अडली आणि पुढे जाईना, तर ती सळईला लागली असण्याची शक्यता मोठी, तिथे हट्ट न करता भोक थोडे सरकवावे.)

यावर एक आक्षेप हमखास येतो. खोक्यावर ड्रिलचा टॉर्क पन्नास-साठ न्यूटन-मीटर लिहिलेला असतो आणि ड्रायव्हरचा दीडशेच्या वर, मग तिप्पट ताकदीचे यंत्र कमी कसे? ताकद खरी आहे, पण ती पिळण्याची. जो प्लायची कपाटे करतो, लोखंडी सांगाड्यावर काम करतो किंवा गोठ्याच्या, शेडच्या छपरावर षटकोनी डोक्याचे स्क्रू मारून पत्रे बसवतो, त्याच्यासाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर उत्तम आहे. स्क्रू कितीही अडला तरी झटका मनगटाला बसत नाही. ड्रिलमध्ये मोठी बिट अडकली तर मनगट पिरगळू शकते. सुताराने ही जोडी डोळे मिटून घ्यावी, फक्त कानांना संरक्षण घालावे, कारण इम्पॅक्ट ड्रायव्हरचा आवाज कर्कश असतो. घरातल्या नाजूक कामात मात्र हाच जोर नडतो. बिजागरीचा छोटा स्क्रू आवळताना त्याचे डोके तुटते किंवा प्लायमधली पकड सुटते. ड्रिलच्या तोंडाशी आकड्यांचे कडे असते, तो क्लच. ठरवलेल्या जोराला तो आपोआप सुटतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच सहसा नसतो.

मग घरात काय असावे? ठोका चालू-बंद करता येणारे 18 व्होल्टचे एक चांगले इम्पॅक्ट ड्रिल आणि पुढे गरज पडली तर त्याच बॅटरीवर चालणारा रोटरी हॅमर. इथे बॅटरी समजून घ्यायला हवी, कारण ती यंत्राइतकीच महत्त्वाची खरेदी आहे. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सहसा बसत नाही, त्यामुळे पहिली पेटी घेताना पुढची सगळी यंत्रे ठरत जातात. लिथियम-आयन सेलचा नेहमीचा दाब 3.6 व्होल्ट धरतात. असे पाच एकापुढे एक जोडले की 18 व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर तेच पाच सेल 20 व्होल्टच्या वर जातात, म्हणून कुणी त्याच बॅटरीवर 20 लिहितो. दोन्ही एकच. पण बाजारात 48, 88 असे आकडे छापलेले स्वस्त सेट दिसतात, आणि आतली बॅटरी हाताच्या मुठीएवढी. 48 व्होल्टसाठी तेरा सेल लागतील. एवढ्याशा डब्यात ते मावत नाहीत. आकडा निव्वळ खोटा आहे, आणि लोकांच्या घामाच्या पैशांवर चाललेली ही फसवणूक मला संताप आणणारी वाटते. खरे मोजमाप व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 18 व्होल्ट, 2 अँपिअर-अवर म्हणजे 36 वॉट-अवर. 4 असेल तर 72. मोठी बॅटरी जास्त वेळ चालतेच, शिवाय भार जास्त सेलमध्ये वाटला गेल्याने जोराच्या कामात दमत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सेट मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तिथला बहुतेक चार्जर 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये लावला की तो जळतो. सुट्या बॅटऱ्या विमानात चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच आणाव्या लागतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घरात प्लग आहे, मग बॅटरी हवीच कशाला? वर्षाला चार भोके पाडणाऱ्याचा हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याने वायरचे इम्पॅक्ट ड्रिलच घ्यावे. बॅटरी न वापरताही वर्षागणिक म्हातारी होते. वायरचे यंत्र दहा वर्षे कपाटात पडून राहिले तरी बहुधा चालू होते, आणि त्याचे झिजलेले कार्बन गल्लीतला मेकॅनिक थोड्या पैशांत बदलून देतो. बॅटरीच्या यंत्रांतल्या ब्रशलेस मोटरला कार्बन नसतात, ती जास्त कार्यक्षम असते हे खरे; पण तिचे सर्किट गेले तर दुरुस्ती महाग पडते. बॅटरीचे यंत्र त्याने घ्यावे, जो वारंवार काम करतो किंवा जिथे प्लग नाही तिथे करतो: गच्चीवर, शेतात, नव्या बांधकामात. राहिला काँक्रीटचा प्रश्न. त्यासाठी प्रत्येक घराने वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. सोसायटीने वर्गणीतून वायरचा दोन किलोचा एक रोटरी हॅमर आणि सहा, आठ, दहा मिलिमीटरच्या एसडीएस बिट घेऊन ऑफिसात ठेवाव्यात आणि वहीत सही करून ज्याला हवे त्याने न्यावे. खिडकीवरचा रॉड लावायला तो दहा मिनिटेच लागतो.